उसातली रात्रपाळी

उधना स्टेशनावरून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसलास किंवा बसलीस, की खिडकीची जागा मुळीच सोडायची नाही! सुट्टी लागली की तुमच्या घरचे सगळे याच गाडीने गावी जातात, हो ना? कुणी नंदुरबारला, कुणी अमळनेरला, कुणी पार जळगावला.

आधी उधन्याचे कारखाने मागे पडतात. मग चलथाण येतं. मग गंगाधरा, बारडोली, मढी. आणि खिडकीबाहेर काय दिसतं? ऊस! डावीकडे ऊस, उजवीकडे ऊस. बाबांनी हात वर केला तरी शेंड्याला लागणार नाही इतका उंच. मध्येच साखर कारखान्याचं धुराडं, ट्रॅक्टरच्या मागे मोळ्यांनी भरलेली ट्रॉली, आणि पुन्हा ऊस!

आता ओळख पाहू. त्या उसात या क्षणी कोण झोपलेलं असेल?

उंदीर? आहेतच. साप? असतील. रानडुक्कर? तेही असतं. पण आणखीही एक जण आहे. पिवळ्या अंगावर काळे ठिपके. लांब शेपूट. गादीसारखे मऊ तळवे. मांजराच्याच कुळातला, पण चांगला मोठा नर असेल तर वजन साठ किलोच्या आसपास!

बरोब्बर. बिबट्या!

प्रत्येक फडात नाही हं. पण सुरत जिल्ह्यातल्या मांडवी, महुवा, बारडोली, मांगरोळ या तालुक्यांत बिबटे खरंच राहतात. जंगलात राहतात आणि उसातही. गुजरातच्या वनखात्याने २०१६ साली राज्यातले बिबटे मोजले, तेव्हा ते १,३९५ भरले. २०२३ साली पुन्हा मोजले. किती झाले असतील? थोडे कमी? तेवढेच? चक्क २,२७४!

पण बिबट्या तर जंगलातला प्राणी. मग तो उसात कसा आला? त्याला कुणी बोलावलं?

आपणच! म्हणजे मुद्दाम नाही. गंमत अशी झाली.

तुझ्या पणजोबांच्या काळात या भागात ज्वारी पिकायची, कापूस पिकायचा. पाऊस पडेल तेवढंच पाणी. मग १९५० नंतरच्या वर्षांत तापी नदीवर काकरापारचा बंधारा झाला. १९७२ साली उकाईचं मोठं धरण पूर्ण झालं. धरणामागे जे प्रचंड पाणी साठलं, त्यात कितीतरी गावं बुडाली. जंगलही बुडालं. आणि धरणाचं पाणी कालव्यांमधून खाली शेतात आलं. पाणी आलं म्हणून ऊस आला. उसामागोमाग साखर कारखाने आले.

आता बिबट्याच्या डोळ्यांनी ऊस बघ. वर्षभर उभं असलेलं दाट पीक. आत गारवा. कालव्याचं पाणी जवळ. खाली पडलेलं पाचट पिवळं, सावल्या काळ्या, आणि आपण स्वतः पिवळे-काळे! त्या पाचटात बसलेला बिबट्या चार पावलांवरूनही दिसणं कठीण. शिवाय ऊस वाढत असताना आत फारसं कुणी शिरतही नाही. पानांची धार अंगाला कापते ना!

माणसाने साखरेसाठी ऊस लावला आणि बिबट्यासाठी नवं घर तयार झालं. हे कुणाच्या मनातसुद्धा नव्हतं!

बरं, घर मिळालं. जेवणाचं काय?

इथे बिबट्याची खरी हुशारी. वाघाला सांबरासारखी मोठी शिकार लागते, त्यासाठी मोठं जंगल लागतं. डांगच्या जंगलात पूर्वी वाघ होते, आता नाहीत. बिबट्या मात्र जेवणाच्या बाबतीत अजिबात नखरे करत नाही. हरीण मिळालं तर हरीण. नाही मिळालं तर ससा, डुक्कर, कोंबडी, घूस. अगदी उंदीरसुद्धा! पुढ्यात येईल ते निमूट खाणारं मूल आईला किती आवडतं! बिबट्या अगदी तसाच आहे, आणि म्हणूनच तो टिकला.

महाराष्ट्रात अहमदनगर जिल्ह्यात (आता त्याचं नाव अहिल्यानगर) अकोले नावाचा तालुका आहे. तिथेही ऊसच ऊस. विद्या अत्रेय या शास्त्रज्ञ ताईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बिबट्यांचा अभ्यास केला. त्यांनी पायवाटांच्या कडेला कॅमेरे लावले. समोरून काही हललं की फोटो आपोआप निघतो, असे कॅमेरे. आणि बिबटे ओळखले कसे? ठिपक्यांवरून! तुझ्या अंगठ्याचा ठसा जगात दुसऱ्या कुणाचाच नाही, तशी एका बिबट्याची ठिपक्यांची नक्षी दुसऱ्या बिबट्याच्या अंगावर नसते.

काय सापडलं, सांगू? दर १०० चौरस किलोमीटरमध्ये सुमारे पाच मोठे बिबटे. शिवाय जवळजवळ तितकीच तरसंसुद्धा! आणि त्याच जागेत भरपूर गावं, वस्त्या, शाळा, बैलगाड्या, मोटारसायकली. जंगल जवळपास नाहीच!

मग त्यांनी बिबट्यांची विष्ठा गोळा केली. ई ई ई! नाक नको मुरडूस. विष्ठेत न पचलेले केस सापडतात. केसांवरून कळतं, साहेबांनी काय खाल्लं होतं. सर्वांत जास्त काय निघालं असेल? शेळी? वासरू?

कुत्रा! बिबट्यांच्या खाण्यातला जवळजवळ ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा होता. त्यांच्या खालोखाल मांजरं आणि शेळ्या.

आता डोकं लाव. गावाजवळ इतके कुत्रे का असतात? कारण तिथे उकिरडा असतो. लग्नाचं उरलेलं अन्न, कोंबडीच्या दुकानातला कचरा, शिळ्या भाकऱ्या. कचरा आला की कुत्रे आणि डुकरं येतात. कुत्रे आले की बिबट्या येतो. आपण फेकलेली शिळी भाकरी अंधारातून बिबट्यालाच हाक मारते! मला या साऱ्या अभ्यासातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. कारण बिबट्याला आपण समजावू शकत नाही, पण कचऱ्याचं बघणं आपल्याच हातात असतं.

आता सर्वांत भन्नाट गोष्ट ऐक. इतके बिबटे, इतकी माणसं, तरी ती एकमेकांना दिसत का नाहीत?

उधन्यात लूमवर काम करणारी माणसं तुझ्या ओळखीची असतीलच. कदाचित तुझे बाबा, काका, नाहीतर शेजारचे दादा. त्याच लूमवर एक जण दिवसपाळीला असतो, दुसरा रात्रपाळीला. मशीन तेच, जागा तीच, पण दोघांची गाठ पडते ती पाळी बदलताना, तेवढ्यापुरती. कधीकधी एकाच खोलीत दिवसपाळीवाले आणि रात्रपाळीवाले राहतात. एक कामाला निघाला की दुसरा येऊन झोपतो!

बिबट्याने हेच केलंय. त्याने रात्रपाळी घेतलीय! दिवसभर शेत माणसांचं. अंधार पडला की तेच शेत बिबट्याचं. काही बिबट्यांच्या गळ्यात शास्त्रज्ञांनी पट्टे बांधले. त्या पट्ट्यातलं यंत्र बिबट्या कुठे आहे ते कळवत राहतं. त्यावरून दिसलं की दिवसा बिबटे घरांपासून दूर, दाट पिकात पडून राहतात. रात्री मात्र घरांच्या २५ मीटर जवळपर्यंत येतात. २५ मीटर म्हणजे किती? क्रिकेटच्या खेळपट्टीहून जेमतेम पाच मीटर जास्त! आत माणसं झोपलेली आणि बाहेरून बिबट्या गुपचूप निघून गेलेला. बहुतेक रात्री एवढंच घडतं. कुणाला पत्ताही लागत नाही.

आणि रात्रपाळी एकट्या बिबट्याने घेतलेली नाही बरं का! २०१८ साली शास्त्रज्ञांनी जगभरातले ७६ अभ्यास एकत्र करून पाहिले. सहा खंड, ६२ जातींचे सस्तन प्राणी. सस्तन म्हणजे पिल्लांना दूध पाजणारे, आपल्यासारखे. त्यांत हत्ती होते, हरणं होती, वाघ होते, अस्वलं होती. बहुतेक सगळीकडे एकच गोष्ट दिसली. जिथे माणसांची वर्दळ, तिथे प्राणी रात्री जास्त जागे! जो प्राणी पूर्वी आपलं निम्मं काम दिवसा आणि निम्मं रात्री करायचा, तो आता दोन तृतीयांशांहून जास्त काम रात्री करतो. माणूस शिकारीला आलेला असो, शेतात खपत असो की नुसता फिरायला आलेला असो. प्राण्याने आपलं घड्याळच फिरवून टाकलं!

थांब, याहून मोठं आश्चर्य पुढे आहे. असं पूर्वीही एकदा झालं होतं! कोट्यवधी वर्षांपूर्वी पृथ्वीवर डायनोसॉर होते. तेव्हाचे सस्तन प्राणी बहुतेक लहानखुरे, आणि शास्त्रज्ञांना वाटतं की तेही रात्रीच बाहेर पडायचे. डायनोसॉर संपले, आणि मग आपले हे पूर्वज हळूहळू उन्हात आले. आता पुन्हा सगळे अंधारात चाललेत. कुणाला भिऊन? तुला आणि मला! म्हणजे त्यांच्यासाठी आता आपणच डायनोसॉर झालोय.

पण उसाच्या घरात एक मोठी अडचण आहे. जंगल कुणी दरवर्षी कापून नेत नाही. ऊस नेतात!

दिवाळीच्या सुमारास कारखाने सुरू होतात. डांगहून, नंदुरबारहून, धुळ्याहून ऊसतोड कामगार येतात. त्यांना इकडे ‘कोयता’ म्हणूनच ओळखतात. तुझ्या गावची माणसंही त्यांत असतील. कोयते चालायला लागतात. फड कडेकडेने कमी होत जातो. आत बिबट्याची मादी असेल तर ती मधे मधे सरकते. शेवटी एवढासा तुकडा उरतो. मग ती निसटून जाते, पण तिची पिल्लं? ती इतकी लहान, की त्यांना धावता येत नाही!

मादी एका वेळी साधारण दोन-तीन पिल्लं देते. पहिले काही दिवस तर त्यांचे डोळेही मिटलेले असतात. कामगारांना पाचटात अचानक मांजराएवढी, ठिपक्यांची, फुसफुसणारी पिल्लं दिसतात. पूर्वी लोक ती उचलून आणायचे. काय हे, किती गोड! पण मग रात्री आई परत यायची आणि पिल्लं जागेवर नसायची. पिल्लांसाठी वेडीपिशी झालेली मादी सगळ्या गावाला धोक्याची. आणि आईवाचून वाढलेल्या पिल्लाला शिकार कोण शिकवणार? ते जन्मभर पिंजऱ्यातच.

आता काय करतात, ऐक! पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी एक निवारा केंद्र आहे. त्या भागात ऊस तोडताना पिल्लं सापडली की तिथले पशुवैद्य आणि वनखात्याची माणसं धावत येतात. पिल्लांना तपासतात. त्यांच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप घालतात, म्हणजे पुढे कधी तोच बिबट्या भेटला तर ओळखता येईल. मग संध्याकाळी पिल्लं एका क्रेटमध्ये ठेवतात. कुठे? जिथे सापडली होती, अगदी तिथेच! जवळ कॅमेरा लावतात. आणि सगळे लांब जाऊन गप्प बसतात.

अंधार होतो. मादी येते. आधी लांबून बघते. क्रेटभोवती फिरते. वास घेते. मग एका पिल्लाला मानेच्या सैल कातडीला हळूच धरते आणि उचलून नेते. थोड्या वेळाने परत येते. दुसरं नेते. ज्या दातांनी डुकराचा जीव जातो, त्याच दातांत पिल्लू अलगद लटकलेलं असतं, त्याला साधा ओरखडाही येत नाही! अशी कितीतरी पिल्लं आईकडे पोचली आहेत.

तू म्हणशील, एवढी खटपट कशाला? सगळे बिबटे पकडावेत आणि लांब जंगलात नेऊन सोडावेत. झालं!

मोठ्या माणसांनाही असंच वाटलं होतं. जुन्नर भागात २००१ च्या सुमारास खूप बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. काय व्हायला हवं होतं? हल्ले कमी व्हायला हवे होते ना? झालं उलटंच! आधीची काही वर्षं माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. नंतरच्या काळात ते सरासरी १७ झाले.

असं का? वर्गातला एखादा मुलगा शाळा सोडून गेला तर त्याचा बाक रिकामा राहतो का? दुसरा कुणीतरी तिथे सरकतोच! बिबट्याचंही तसंच. जुना बिबट्या गेला की त्याच्या रिकाम्या जागेत नवा येतो, आणि नव्याला तिथल्या वाटा, माणसं, वेळा काहीच ठाऊक नसतं. तिकडे सोडलेला बिबट्याही बिचारा अनोळखी मुलखात गोंधळलेला. भुकेला. घाबरलेला. शिवाय त्याला आपल्या मुलखाकडे परतायचं असतं!

किती चालू शकतो बिबट्या? ‘आजोबा’ची गोष्ट ऐक.

२००९ साली टाकळी ढोकेश्वर या गावात एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला वर काढलं. तो मोठा शांत, समजूतदार दिसत होता, म्हणून विद्याताईंनी त्याचं नाव ठेवलं आजोबा! गळ्यात पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं. आणि आजोबा जे निघाले! मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला. कसारा स्टेशनाजवळ रेल्वेचे रूळ ओलांडले. पुढे वसईची खाडी लागली, तर पोहून गेले! सुमारे १२० किलोमीटर चालून ते कुठे पोचले, ठाऊक आहे? मुंबईला! तिथल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात. आणि एवढ्या वाटेत त्यांनी एकाही माणसाला इजा केली नाही. रात्रपाळीचा नियम पाळत गुपचूप गेले.

२०११ साली महामार्ग ओलांडताना एका वाहनाची धडक बसून आजोबा मेले. अंगातल्या चिपमुळे कळलं की हे तेच. रेल्वे, खाडी, गावं सगळं त्यांना जमलं होतं. भरधाव गाडी मात्र चुकवता आली नाही. हे वाचून मला अजूनही वाईट वाटतं.

आता एक गंभीर गोष्ट, नीट ऐक. बिबट्या गोड नाही. तो शिकारी आहे. कधीकधी तो माणसावर हल्ला करतो, आणि लहान मुलांवर जास्त. सुरत जिल्ह्यातही असं झालं आहे. पाळी बदलायच्या वेळी, म्हणजे अगदी पहाटे आणि दिवेलागणीला, शेतात जपावं लागतं. त्या वेळी उसाच्या कडेला एकट्याने जायचं नाही. अंधारात तिथे खाली बसायचं तर मुळीच नाही, कारण बसलेलं माणूस बिबट्याला छोट्या जनावरासारखं दिसतं. जायचंच असेल तर मोठ्यांबरोबर, हातात बॅटरी, मोबाइलवर मोठ्याने गाणी, नाहीतर जोरजोरात गप्पा. आवाज ऐकला की बिबट्या बहुतेक वेळा स्वतःच बाजूला होतो. आणि कधी दिसलाच तर धावायचं नाही, दगड मारायचा नाही, फोटो काढायला मागे जायचं नाही.

बिबट्याशी जपून वागायचं, हे डांगच्या आणि आसपासच्या आदिवासी गावांत फार पूर्वीपासून माहीत आहे. तिथे वाघदेवाची जागा असते. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते, तेव्हा गावचे लोक त्याला पुजतात आणि सांगतात, आमची गुरं राख. बिबट्याशी शेजार ठेवायची ही त्यांची जुनी पद्धत आहे.

तुलाही या शेजारासाठी काहीतरी करता येईल. या सुट्टीत गावी जाशील तेव्हा शेतावरची विहीर बघ. आजोबा पडले तशा विहिरीत दरवर्षी बिबटे पडतात. रात्री पळता पळता काठ दिसत नाही आणि खाली! मग वनखात्याची माणसं दोरांना बांधून बाज खाली सोडतात, नाहीतर पिंजरा सोडतात, तेव्हा कुठे तो वर येतो. कितीदा तोवर दमून बुडालेला असतो. हे टाळायला फार काही लागत नाही. विहिरीभोवती कठडा लागतो, बस्स! तुमच्या विहिरीला कठडा आहे का? नसेल तर तुझ्या आजोबांच्या मागे लाग. ते कठडा बांधेपर्यंत त्यांना सोडू नकोस. आणि विहिरीत बिबट्या पडलेला दिसला किंवा उसात पिल्लं सापडली, तर हात न लावता मोठ्यांना सांग. महाराष्ट्रात वनखात्याचा फोन नंबर आहे १९२६. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव!